अंबाड्यातली सुई

मी एक जुनी लाकडी सुई आहे, मित्रांनो. कापड शिवायची नव्हे, लोकर विणायची. एका टोकाला वाटाण्याएवढं बोंड आहे. दुसऱ्या टोकाला पूर्वी चांगली अणी होती, ती आता झिजून बोथट झाली आहे आणि मातीत राहून काळी पडली आहे. आताशा मला फार बोलवत नाही. पण एक गोष्ट सांगायची राहून गेली तर जिवाला रुखरुख लागेल, म्हणून सांगते.

एका सुताराने मला आणि माझ्या बहिणीला एकाच फांदीतून घडवलं, घासून घासून गुळगुळीत केलं. आम्ही जोडीने एका बाईंच्या घरी आलो. घरात त्यांना सगळे सासूबाईच म्हणत, कारण घर चालायचं ते त्यांच्या सुनेच्या जिवावर. सासूबाईंनी आमच्याकडून स्वेटर विणून घेतले, कानटोप्या विणून घेतल्या. बोलताना त्यांचे हात चालायचे, भांडतानाही चालायचे आणि भांडण रंगलं की टाके घट्ट पडायचे. आलागेला माणूस वीण बघून वाहवा करायचा. ती वाहवा सासूबाईंची असली, तरी आम्ही दोघी आपापसांत निम्मी निम्मी वाटून घ्यायचो.

एके दुपारी सासूबाई न बघता आरामखुर्चीत बसल्या. कट् असा आवाज झाला. "माझं हाड मोडलं गं!" म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. हाड शाबूत होतं. मोडली होती ती माझी बहीण.

एका सुईने काही विणता येत नाही. मी खणात जाऊन पडले, बंद घड्याळाच्या आणि कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्यांच्या सोबतीला. तिथे किती वर्षं गेली, मी मोजली नाहीत. सासूबाई गेल्याचंही मला खणाच्या फटीतून आलेल्या रडण्यावरून कळलं.

मग एकदा खण उघडला. सुनेला काहीतरी लांब आणि बारीक हवं होतं. घरामागच्या जागेत तिने रोपवाटिका काढली होती. तिथे सगळी जाड पानांची, पोटात पाणी साठवून ठेवणारी झाडं. सक्युलंट म्हणतात त्यांना. तिने मला कुंडीत तळापर्यंत खुपसलं, दहा आकडे मोजले आणि उपसून बघितलं. कोरडी आले, तर पाणी द्यायचं. माती चिकटून आली, तर हात आवरायचा. मग पदराला पुसून मला अंबाड्यात खोचायची. गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणत.

दिवसाला शंभर-शंभर कुंड्या, मित्रांनो. खडी, वाळू, विटांचा चुरा. अणी गेली ती यातच. मावशी माझी तारीफ करायची, "ही माझ्यापेक्षा खरी बोलते" म्हणायची. पण संध्याकाळी मला नीट धुऊन ठेवावं, हे काही तिला कधी सुचलं नाही. तिचेही पाय तेव्हा सुजलेले असायचे. मी काय बोलणार?

फाटकाजवळ एक बाक होता. त्याला ती दवाखाना म्हणायची. लोक आपली आजारी झाडं आणून त्यावर ठेवत. बहुतेकांचं दुखणं एकच. तहानेने मरायला टेकलेलं झाड क्वचितच यायचं. बाकी सगळी लाडाने मरायला टेकलेली.

एका सकाळी त्या बाकापाशी एक मुलगी आणि तिचे वडील आले. मुलगी म्हणजे पन्नाशीची बाई, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. एका हातात कुंडी, दुसऱ्या हातात वडिलांचा दंड. "बाबा, पायरी आहे हं. बाबा, ऊन लागतंय का? बाबा, बसता का जरा? पाणी देऊ?"

"अगं, घरातून निघून वीस मिनिटं झाली नाहीत," म्हातारे म्हणाले.

कुंडीतल्या झाडाचं खोड खालून काळं पडलं होतं, पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळत होती.

"आईने लावलेलं आहे," मुलगी म्हणाली. "गेल्या वर्षी ती गेली. तिचं म्हणून एवढंच उरलंय हो मावशी. बाबांच्या खिडकीत असतं. काहीही करा, पण वाचवा."

मावशीने मला अंबाड्यातून काढलं आणि कुंडीत खुपसलं. आतला चिखल आणि कुजका वास मला अजून आठवतो. मी वर आले ती चिखलाने बरबटून.

"पाणी किती घालता, ताई?"

"पंधरा दिवसांतून एकदा. आई तसंच घालायची. देवाशप्पथ."

"ही खोटं बोलत नाही," मावशी मला उंच धरून म्हणाली. "हे झाड रोज आंघोळ करतंय. घरात आणखी कोण आहे?"

"कोणीच नाही. मी आणि बाबा."

म्हातारे काठीच्या मुठीकडे बघत होते. मी थेट त्यांच्या नाकासमोर होते, माझ्यावरून चिखल ठिबकत होता.

"मी घालतो," ते म्हणाले.

"तुम्ही? बाबा, तुम्हाला तर वाकवतही नाही."

"वाकायचं कशाला? पलंगावरून हात पोहोचतो." त्यांनी घसा साफ केला. "डॉक्टरांनी दिवसाला सहा पेले सांगितले. तू बारा केलेस. दर तासाला पेला घेऊन उभी. मी काय हौद आहे? तू वळलीस की उरलेलं तिथे ओतायचो."

मुलीचं तोंड उघडंच राहिलं. "मग बोलायचं ना, बाबा! एका शब्दाने तरी!"

"कसं बोलू? तू दिवसभर राबून दमलेली. मला पाजलं की तुला जरा बरं वाटायचं. म्हटलं, वाटू दे." त्यांचा आवाज बारीक झाला. "तुझ्या आईचं झाड बुडवलं मी. परवा पान गळलं तेव्हा कळलं. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती."

मुलगी बाकाच्या कडेवर बसली. रागावावं की रडावं, हे तिचं ठरेना. "मीही दमलेय हो, बाबा," एवढंच ती म्हणाली.

मावशीने कात्री घेतली आणि झाडाचा सगळ्यात वरचा, अजून हिरवा असलेला शेंडा कापला. बाकी सगळं टाकून दिलं. शेंडा बाकावर सावलीत नुसता आडवा ठेवला.

"मातीत नाही लावणार?" मुलीने घाबरून विचारलं.

"नाही."

"निदान थोडं पाणी?"

"थेंबही नाही. जखमेवर खपली धरू दे. दोन आठवडे याच्याकडे कुणी काळजीने बघायचंसुद्धा नाही."

"बाई," म्हातारे म्हणाले, "हेच जरा माझ्यासाठी कागदावर लिहून द्या."

आधी मावशी हसली. मग खूप वेळाने मुलगी हसली.

ते दोन आठवडे मी रोज अंबाड्यातून त्या शेंड्याकडे बघत होते. तो सुरकुतला. एक पान गळलं. मला वाटलं, संपलं. मग कापलेली जागा कोरडी टणक झाली आणि मावशीने तो कोरड्या वाळूत खोचला. आणखी तीन आठवड्यांनी बापलेक आले, तेव्हा तिने शेंडा हलकेच ओढून दाखवला. तो सुटून आला नाही. खाली मुळांनी धरलं होतं. म्हाताऱ्यांनी एकदाच डोळे पुसले.

ती दोघं शेंड्याची कुंडी घेऊन निघाली, तेव्हा मावशीने मला धुतलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा, चांगलं दोन्ही बाजूंनी. आणि म्हाताऱ्यांच्या हातात दिलं. "माझ्याकडे दुसरी काडी आहे. हिला आता एकाच झाडाचं काम द्या."

तेव्हापासून मी त्या खिडकीत आहे. पंधरा दिवसांतून एकदा मातीत जाते, बाकी वेळ पडून असते. मित्रांनो, माझं मागणं लहान आहे. तुमच्या हातात कुणासाठी पाणी असेल, तर ओतण्याआधी एकदा विचारा. आणि कुणी तुम्हाला विचारलं, तर खरं सांगा. माझ्यासारखी सुई काही प्रत्येक घरात नसते.

काल दुपारी मुलगी पेला घेऊन दारात आली. आत आली नाही. "बाबा, तहान लागलीय?"

"नाही गं."

ती आत आली. मग खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली आणि तो पेला सावकाश, घोट घोट करत, स्वतः प्यायली.