थांबलेलं पिल्लू

त्याने पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून धरलं आणि डॉक्टरीणबाईंनी आत हात घालून मेलेलं पिल्लू बाहेर काढलं. अंगावर केस नसलेलं, जांभळं पडलेलं. औषधाने पेंगुळलेली कांगारू मादी नुसती कान हलवत राहिली. त्याने पिल्लू टॉवेलात गुंडाळलं, पण टॉवेल कुठे ठेवायचा हे त्याला सुचेना.

“तोंड पाडू नका,” बाई हातमोजे उतरवत म्हणाल्या. “हिच्या पोटात दुसरं आहे.”

“नर तर केव्हाच दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात गेला, बाई.”

“तेव्हापासूनचंच आहे. पिशवीतलं पिल्लू दूध पितंय तोवर पोटातलं वाढत नाही. मोहरीपेक्षा बारीक होऊन थांबून राहतं. आता हे गेलं ना, म्हणजे ते वाढायला लागेल. महिन्याभरात येईल बघा.”

सगळी नोकरी पाखरांच्या पिंजऱ्यांत काढून तो नुकताच इकडे बदलून आला होता. त्याला हे नवीन होतं. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. तो मात्र टॉवेल तसाच छातीशी धरून उभा राहिला.

घरीदारी सगळे त्याला धाकटा म्हणत. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी धाकटाच. थोरल्याला त्याने कधी पाहिलंच नव्हतं. चार वर्षांचा होऊन तो तापाने गेला आणि वर्षाच्या आत हा जन्मला. ‘एक नेला, दुसरा दिला,’ असं आत्या येताजाता म्हणायची आणि त्याचा गालगुच्चा घ्यायची. आपण भरपाई म्हणून आलो, थोरला जगता तर आपल्याला कुणी विचारलंही नसतं, हे त्याने लहानपणीच मनाशी पक्कं करून टाकलं. आईने त्याचं सगळं केलं, वेळच्या वेळी केलं, पण कधी कुरवाळलं नाही. त्याचाही अर्थ त्याने तोच लावला. तिला विचारायचं मात्र धाडस झालं नाही, आणि आता ती थकत चालली होती.

महिना होत आला तेव्हा एका दुपारी मादी भिंतीला टेकून, शेपूट पुढे घेऊन बसली. पिशवीत डोकं खुपसून आतून चाटू लागली. कोपरान्‌कोपरा चाटत होती, जुन्याचा वाससुद्धा राहू नये अशी. जाळीला धरून बघताना त्याला तिचा भयंकर राग आला. मग शेंगदाण्याएवढं लालभडक काहीतरी तिच्या पोटावरच्या केसांतून वर सरकू लागलं. तिने त्याला हात लावला नाही. आपलं आपणच चढत ते पिशवीत गेलं.

संध्याकाळी तो आईच्या पायाची नखं कापायला बसला. कोमट पाण्यात पाय सोडून आई त्याच्याकडे बघत होती.

“कुणी मेलं का तिकडे?”

“नाही. जन्मलं.”

“मग सुतकी चेहरा कशाला?”

त्याने तिचा पाय मांडीवर घेतला आणि मान खाली घातली.

“आई, थोरला जगला असता, तर मी झालो असतो का?”

“झालो असतो का म्हणजे? तो गेला तेव्हा तिसरा महिना चालू होता मला. कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.”

त्याचा हात थांबला. उभ्या जन्माचं गाठोडं कुणीतरी डोक्यावरून उतरवून घ्यावं, तसं त्याला झालं. तो हसणार इतक्यात आई पुढे बोलली.

“त्याच दिवशी उलट्या झाल्या आणि सगळ्यांना कळलं. मग जो तो म्हणे, रडू नकोस, पोटातल्याला बाधेल. नाही रडले मी. त्याला उचलून नेलं तेव्हाही नाही.” तिने पाण्यातला पाय हलवला. “तू झालास, पण तुझ्याकडे बघितलं की तेच आठवायचं. राग यायचा. एवढ्याशा पोरावर कसला राग धरायचा? पण यायचा.”

पाणी गार झालं होतं.

“आता रड ना, आई,” तो म्हणाला. “आता कुणाला बाधणार आहे?”

आईने डोळे मिटले. ओठ आवळले, कपाळाला आठ्या पडल्या. खरंच प्रयत्न करत होती ती. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले, तर ते कोरडेच होते.

“त्याचा चेहराच येत नाही रे समोर,” ती म्हणाली. “तुझाच येतो.”

त्याने तिचा दुसरा पाय मांडीवर घेतला.