सगळ्यांना मिळेपर्यंत

वेंडेल टॅकेटला समजावून सांगण्याची भारी खोड. जन्माने बॅप्टिस्ट पंथाचा ख्रिस्ती, बाप चर्चचा डीकन, आजोबा तंबूत गरजणारे उपदेशक. आणि हा पठ्ठ्या लग्नानंतर कॅथलिक झाला. केंटकीतल्या त्या डोंगराळ गावात कॅथलिक म्हणजे बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे बातमी घरोघर गेली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण सात वर्षं झाली तरी वेंडेलचा उत्साह उतरायला तयार नव्हता. दर बुधवारी तो नवख्यांचा वर्ग घ्यायचा, पोपपासून शुद्धिस्थानापर्यंत सगळं घडाघडा सांगायचा. त्याची बायको डेनिस पिढीजात कॅथलिक. तिला यातलं निम्मंही सांगता आलं नसतं, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं.

एकच बाई त्याला पटवता आली नव्हती, त्याची आई व्हर्ना. सात वर्षांत तिने त्याच्या चर्चची पायरी चढली नव्हती. आता तिला मॅमॉ म्हणणाऱ्या नातीचं, टेसाचं, पहिलं कम्युनियन होतं, म्हणजे पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी, म्हणून येते म्हणाली. आई आपल्यात यावी यापलीकडे वेंडेलला काही नको होतं. हीच वेळ, असं धरून तो आदल्या दुपारी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. ती केळ्यांच्या पुडिंगचे थर लावत होती.

"तुम्ही मरियेची पूजा करता," ती म्हणाली. सुरुवात नेहमी इथूनच व्हायची.

"पूजा नाही गं ममा, विनवणी. तू नाही का ग्लॅडिसला सांगत, माझ्या गुडघ्यांसाठी प्रार्थना कर म्हणून?"

"ग्लॅडिस जिवंत आहे."

"मरियाही आहे. देवाजवळ गेलेला माणूस मेलेला असतो का? डॅडी काय मेलेत?"

व्हर्नाने चमचा आपटला. "त्यांना यात ओढू नकोस हं!"

वेंडेलने विषय बदलला, थांबला मात्र नाही. ठेवणीतलं अस्त्र अजून बाकी होतं. "तुम्हीच म्हणता ना, बायबलमधला शब्द न शब्द खरा? सहा दिवसांत जग, माशाच्या पोटात योना, सगळं जसंच्या तसं. मग भाकर हातात घेऊन येशू म्हणाला, 'हे माझं शरीर आहे', एवढीच ओळ नुसती खूण कशी? तो 'आहे' म्हणाला, ममा. 'समजा' नाही म्हणाला."

व्हर्नाने पुडिंगसाठी बिस्किटांचा पुडा उघडला. लग्न होऊन आल्यापासून आपल्या चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, येशूच्या रक्ताची खूण म्हणून, इवल्या पेल्यांत द्राक्षांचा रस तीच भरत आली होती. सांडला तर फडक्याने पुसायची. असा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता.

"म्हणजे खुद्द तो?" तिने हळूच विचारलं.

"खुद्द तो."

"आणि मी काय करायचं?"

"तू बाकावर बस. अजून आपल्यात नाहीस ना तू. नाहीतर हात छातीवर असे घेऊन पुढे ये, फादर आशीर्वाद देतील."

"बघू," म्हणून ती बिस्किटं रचत राहिली.

वेंडेल शीळ घालत घरी आला. "पटलंय तिला!" त्याने डेनिसला सांगितलं.

"पुडिंग आणतेय ना? मग झालं," डेनिस म्हणाली.

रविवारी टेसा पांढऱ्या झग्यात पुढे जाऊन आली. मग रांग लागली. वेंडेल भाकर घेऊन मागे वळला तर फादरसमोर व्हर्ना उभी. हात छातीवर नव्हते. संधिवाताने वाकडे झालेले तळवे तिने पुढे धरले होते. फादर नवे, त्यांना काय ठाऊक? त्यांनी ती पातळ गोल भाकर तिच्या हातावर ठेवली.

ती भाकर तिथल्या तिथे तोंडात घालायची असते, आणि कॅथलिक नसलेल्याने घ्यायचीच नसते. व्हर्ना ती तळव्यावर धरून, वर दुसरा हात झाकून, सावकाश बाकावर येऊन बसली. वेंडेल शेजारी टेकला.

"ममा, दे ते इकडे."

"थांब जरा. सगळ्यांना मिळू दे."

"इथे तसं नसतं. दे म्हणतो ना!"

"जाऊ दे ना, वेंडेल," डेनिस कुजबुजली. पुढच्या बाकावरची मंडळी वळून बघत होती. बुधवारच्या वर्गातली दोघं त्यातच. वेंडेलने आईचा वरचा हात बाजूला केला, बोटं एकेक करून उघडली, भाकर उचलली आणि स्वतःच्या तोंडात टाकली. नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं.

व्हर्ना रिकाम्या तळव्याकडे बघत राहिली. मिस्सेची उपासना संपली तशी ती उठून थेट गाडीकडे निघाली. वेंडेल मागे धावला.

"ममा, ऐक. तुला नीट समजावून सांगतो..."

"समजावलंस की काल. सगळं समजलं मला." तिने पुडिंगचं भांडं त्याच्या हातात दिलं. "माझा पोरगा याबाबतीत खोटं बोलायचा नाही, असं म्हटलं मी. रात्रभर जागी होते. खुद्द तो येणार, आणि मी बाकावर ढिम्म बसून राहू?"

सात वर्षं घसा कोरडा करून जे जमलं नव्हतं ते जमलं होतं. ती आली होती. आणि त्यानेच तिला हाकललं होतं. हे वेंडेलला तिथे, उन्हात, भांडं धरून उभं असताना कळलं.

"आमच्याकडे सगळ्यांच्या हातात येईपर्यंत कुणी खात नाही," गाडीत बसत व्हर्ना म्हणाली. "आमची असेल बाबा नुसती खूण. पण ती कुणी कुणाच्या हातातून काढून घेत नाही."

तिने दार ओढून घेतलं आणि गाडी सुरू केली. चर्चच्या हॉलमध्ये केक कापायला सगळे वेंडेलची वाट बघत होते. टेसा पायऱ्यांवर आली.

"डॅडी, मॅमॉची भाकर पण तुम्हीच खाल्लीत?"