रोहण्याच्या सडकेवर तीस सेकंद

आर्वीच्या डेपोत मेकॅनिक असलेल्या रूपरावला एकच ध्यास होता. जुनी मोटरसायकल ताशी एकशेवीसनं पळवायची, म्हणजे रोहण्याच्या सरळ सडकेवर दोन दगडांमधलं एक किलोमीटर तीस सेकंदांत कापायचं. १९७८ च्या उन्हाळ्यात त्यानं मडगार्ड उतरवले, साखळीचं पुढचं चाक मोठं बसवलं, टाकीवर छाती टेकून गाडी हाणली. दुसऱ्या दगडाशी घड्याळ धरून उभी असलेली त्याची बायको कोकिळा दर रविवारी तेच सांगायची, "बत्तीस."

"माहं वजनच आड येऊन राह्यलं," तो एकदा म्हणाला. "तू हलकी हायेस. तुले गाडी येतेच. बस."

कोकिळानं त्याची पँट चढवली. घड्याळ त्याच्या हाती आलं. ती सुसाट समोरून गेली आणि काटा तिसावर थांबला.

तो धावतच गेला. "तीस! कसं वाटलं?"

"आपण उभे अन् सडकच पयून राह्यली, असं."

तो हसला, लगेच स्वतः बसला. बत्तीस.

पुढं गाडी विकली, केस पिकले. तरी जेवताना तो मधेच विचारायचा, "कोकिळे, तवा वारा कसा लागत होता?" ती सांगायची, आणि तो घास हातात धरून ऐकत राहायचा.