भिंगरीच्या कानाचा माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. माझ्यापुढे कधी हजारोंची सभा जमली नाही. माझा श्रोता एकच, भिंगरी. तिला ऐकू फार कमी यायचं आणि ती चारचौघांच्या साध्या शाळेत शिकायची. बाईंनी मला गळ्यात अडकवून बोलायचं आणि मी ते थेट तिच्या कानातल्या यंत्रात पोचवायचं, एवढंच माझं काम.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एक माणूस दिवसभर आम्हा भावंडांना "हॅलो, हॅलो" म्हणायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचा. शाळेत आल्यावर कळलं, ही मोठ्या माणसांची सवयच आहे.

भिंगरीच्या वडिलांनी ती दुसरीत असताना माझ्यासाठी अर्ज केला. मी आलो तेव्हा ती चौथीत होती. माझं स्वागत झालं. मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, माझ्यावर लांबलचक भाषण ठोकलं. मी मात्र रिबीन बांधलेल्या खोक्यात होतो, त्यामुळे भिंगरीला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. सगळ्यात जास्त टाळ्या तिनेच वाजवल्या.

बाई मनाने चांगल्या होत्या. पण वर्गात पोरांची ही गर्दी आणि मदतीला कुणी नाही. भिंगरीसाठी एक वाक्य पुन्हा सांगेपर्यंत मागच्या बाकावर गुद्दागुद्दी सुरू व्हायची. या धांदलीत मला बंद करायचं राहून जायचं. मग मधल्या सुट्टीत बाईंचे चहाचे भुरके, बहिणीला फोनवर सांगितलेलं गुडघ्याचं गाऱ्हाणं, सगळं भिंगरीच्या कानात. एकदा तिने विचारलं, "बाई, आज गुडघा बरा आहे का?" बाई बघतच राहिल्या. त्यांना घरीसुद्धा कुणी असं विचारत नव्हतं. भिंगरीने गुपित फोडलं नाही. तिला बाई फार आवडायच्या.

एक दिवस बाई वर्गाला पाढे लिहायला लावून शेजारी मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या. मदतनीस मागायला, पुन्हा एकदा. मी गळ्यात, चालूच. सर म्हणाले, मदतनीस विसरा. अशा मुलांच्या वेगळ्या शाळा असतात, वडिलांना बोलावून सांगून टाका. मला वाटलं, आता बाई भांडणार. त्या म्हणाल्या, "खरंय सर. घेऊन जाऊ दे तिला. माझ्याच्यानं आता होत नाही."

मित्रांनो, मी निवडत नाही, गाळत नाही. आवाज येईल तसा पोचवतो. तेव्हा तरी मी बिघडायला हवं होतं.

वर्गात परतलो तर भिंगरीचं दप्तर भरून तयार. बाकाखालचे पेन्सिलीचे कपचेसुद्धा तिने उचलले होते.

"बाई, उद्यापासूनच येऊ नको का? की एवढा आठवडा येऊ?"

बाईंनी खाली पाहिलं. माझा हिरवा दिवा लागलेला होता. त्यांनी मला झटक्यात बंद करून टेबलावर ठेवलं, फळ्याकडे तोंड फिरवलं आणि बोलू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. भिंगरी इकडून तिकडून मान वाकडी करून त्यांचे ओठ शोधत होती. बाई काय बोलल्या, मला ठाऊक नाही. मी बंद होतो.

भिंगरी पुन्हा आली नाही. मी आता कपाटात असतो, मोडक्या पृथ्वीगोलाला टेकून. पाहुणे आले की मोठे सर मला बाहेर काढतात आणि हा अजून झकास चालतो म्हणून सांगतात.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण अशा मुलाला चांगलं सांगा की वाईट, माफी मागा की निरोप द्या, त्याच्याकडे तोंड करून बोला.