ग्लेंडाने लपवलेल्या बंदुका

ऑर्व्हलने उभ्या जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. बर्फात गाडी रुतली तर एकटाच फावडं घेऊन उकरत बसेल, दात दुखला तर आधी पक्कड शोधेल, असा हा माझ्या थोरल्या बहिणीचा, ग्लेंडाचा नवरा. म्हणून तो त्या गुरुवारी माझ्या स्वयंपाकघरात टोपी हातात घेऊन नुसताच उभा राहिला, तेव्हा मी काही न विचारता त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि खुर्ची ओढून बसले.

"ग्लेंडाने माझ्यावर पिस्तूल रोखलं, व्हर्ला," तो म्हणाला. "भर दुपारी. मी लाकडं घेऊन आत आलो, तर म्हणाली, कोण रे तू? चालता हो माझ्या घरातून."

"मग तू काय केलंस?"

"चालता झालो. करतो काय? नेम तिचा माझ्यापेक्षा चांगला आहे."

मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. ऑर्व्हल हसला नव्हता. तो अंगणात लाकडाच्या ढिगाआड बसून राहिला होता. बऱ्याच वेळाने ग्लेंडानेच दार उघडून हाक मारली, "अरे ऑर्व्हल, बाहेर गारठ्यात काय बसलायस, म्हाताऱ्या?" मधलं काहीही तिच्या लक्षात नव्हतं.

तिचं विसरणं दोन वर्षांपासून सुरू होतं. आधी नावं गेली, मग दिवस गेले, आता अधूनमधून नवरा जायचा.

आयडाहो राज्याच्या या उत्तरेकडच्या खोऱ्यात आम्ही सगळेच संकटाची तयारी करून राहतो. हिवाळ्यात रस्ता बंद झाला की कुणी येत नाही, ना पोलीस, ना डॉक्टर. पण या दोघांची तयारी म्हणजे कमाल होती. तळघरात काचेच्या बरण्यांच्या रांगा, घेवडा, पीच, एल्क हरणाचं मांस, सगळं ग्लेंडाच्या हातचं. गव्हाची पिंपं, हातपंप, जनरेटर, त्या जनरेटरच्या जोडीला दुसरा जनरेटर. एका हिवाळ्यात वीज गेली ती परतायचं नावच घेईना, तेव्हा अर्धं खोरं त्यांच्या चुलीवर जेवलं. त्या वेळी ग्लेंडा वाढता वाढता प्रत्येकाला सुनावत होती, "पुढच्या वर्षी स्वतःच्या बरण्या भरा, फुकट्यांनो!" आग, पूर, हिमवादळ, चोर, अस्वल, सगळ्यांचा विचार करून झाला होता. बायकोच नवऱ्याला चोर समजेल, याची तयारी मात्र कुणी केली नव्हती. ती कशी करतात, मला अजूनही ठाऊक नाही.

"मग बंदुका काढ ना घरातून," मी म्हटलं. "माझ्याकडे मोठी तिजोरी आहे. माझा डॅरल गेल्यापासून रिकामीच पडलीय."

"काढल्या. माझ्या होत्या तेवढ्या गाडीत आहेत. तिच्या कुठे आहेत, कुणाला माहीत?"

"नवरा ना तू तिचा?"

"नवरा आहे, जोतिषी नाही," तो खेकसला.

इथे आमच्या माणसांचा एक हेका सांगायला हवा. बंदुकांची यादी आमच्याकडे कुणी करत नाही. कागदावर लिहिलं की ते कधीतरी सरकारच्या हाती लागणार, अशी ठाम समजूत. ऑर्व्हल आणि ग्लेंडा तर याहून पुढे गेलेले. दोघांनी आपापल्या बंदुका आपापल्या जागी लपवायच्या आणि एकमेकांना सांगायचं नाही. जे माहीतच नाही ते कुणी वदवून घेणार कसं, असा त्यांचा हिशेब. चाळीसएक वर्षं ते याचीच फुशारकी मारत आले. मीही त्यांना कधी मूर्ख म्हटलं नाही, कारण माझा नवरा होता तोवर माझ्या घरातही तेच होतं.

ऑर्व्हलने ते पिस्तूल तिच्या उशाखाली शोधून, ते नसलं तर ती बिथरेल म्हणून नुसत्या गोळ्या काढून घेतल्या, तर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भरलेलं. गोळ्या काय, त्या घरात बटणांच्या डब्यातही सापडतील. मग त्याने घर धुंडाळायला घेतलं. तिला उचकटलेले खण दिसले आणि तिची खात्रीच पटली की घरात कुणी परका शिरतोय. ती आणखी सावध झाली. उशाखालचं पिस्तूलही नाहीसं झालं.

"सोमवारी नर्स येणार आहे," ऑर्व्हल म्हणाला. "घरी येऊन माणसाचं सगळं करणारी. पण त्या लोकांची अट आहे, घरात एकही हत्यार नको. असलं तर ती उंबरठ्यातूनच माघारी जाणार. आणि नर्स नसेल तर ग्लेंडाला खालच्या गावातल्या त्या म्हाताऱ्यांच्या निवासात ठेवायचं, असं आमच्या लेकीने सांगून टाकलंय. मला एकट्याला आता झेपत नाही, व्हर्ला. तिची आंघोळसुद्धा."

हे शेवटचं तो जमिनीकडे बघत बोलला. मला या घरातून न्यायचं तर आडवीच न्या, असं ग्लेंडा पहिल्यापासून सांगत आलेली. त्या निवासाच्या बंद खिडक्यांच्या खोलीत ती किती टिकेल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

युक्ती मला सुचली, आणि ती लबाडीची होती हेही तेव्हाच कळलं होतं. शिकारीचा हंगाम सुरू होण्याआधी आमच्या घराघरांत एक दिवस बंदुका साफ करतात. असेल नसेल ती सगळी हत्यारं स्वयंपाकघरातल्या टेबलावर येतात. आणणाऱ्याने सगळ्यांदेखत गोळ्या काढायच्या, खटका उघडून शेजारच्याला दाखवायचं, त्याने आत डोकावून मोठ्याने म्हणायचं, "रिकामी." मगच टेबलावर ठेवायची. आम्ही बहिणी हे वडिलांच्या मांडीवर बसून शिकलो. ग्लेंडा आपल्या लेकीचं नाव विसरली तरी हे विसरणार नाही, अशी माझी अटकळ होती.

शनिवारी सकाळी मी मक्याचा पाव आणि हरणाच्या मांसाचा रस्सा घेऊन गेले. ऑर्व्हलने टेबलावर जुनी चादर पसरली, तेलाची बाटली, चिंध्या आणि ब्रश मांडले. तेलाचा वास सुटला तशी ग्लेंडा आतल्या खोलीतून आली. केस विंचरलेले नव्हते, पण नजर लख्ख होती.

"साफसफाई आहे आणि मला उठवलं नाहीत?" ती माझ्यावर डाफरली. "तू नेहमीचीच आळशी, व्हर्ला. जा, हात धुऊन ये."

"तुझ्या आण ना आधी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

ती गेली. शिवणयंत्राच्या पोटातून एक रिव्हॉल्व्हर काढलं. कोंबड्यांच्या खुराड्यातून, दाण्याच्या डब्याखालून, तेलकट फडक्यात गुंडाळलेली रायफल आणली. ऑर्व्हल त्या डब्यातून रोज सकाळी दाणे काढत होता. पियानोच्या मागून छऱ्याची बंदूक निघाली. ऑर्व्हलच्या लग्नातल्या कोटाच्या अस्तरातून छोटं पिस्तूल निघालं तेव्हा तो थक्क होऊन म्हणाला, "अगं, हा कोट घालून मी तीन मयतींना जाऊन आलो!"

"म्हणून तर खांदे ताठ दिसत होते तुझे," ती म्हणाली, आणि आम्ही तिघंही खदखदून हसलो. त्या क्षणी ती पूर्ण आमची होती, आणि मला वाटलं, सगळं परत जागेवर ठेवून द्यावं आणि रस्सा जेवून घरी जावं.

प्रत्येक वेळी ती गोळ्या काढून हत्यार माझ्यापुढे धरायची. मी आत बघून "रिकामी" म्हणायचे. मग ती बसून साफ करायची. तिचे हात जराही थरथरत नव्हते. चमचा धरताना थरथरायचे तेच हात.

साफ झालेली एकेक ऑर्व्हल उचलून बाहेर माझ्या गाडीत नेऊन ठेवत होता. चौथ्या का पाचव्या वेळी ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. चिंधी धरलेला हात थांबला.

"हंगाम अजून लांब आहे," ती हळूच म्हणाली. "एल्क वरच्या डोंगरातून खाली उतरलेले नाहीत. आत्ता कशाला हे?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण लहानपणापासून मी तिच्याशी खोटं बोलले की ती कानशील गरम करायची, आणि तिने आता ते केलं असतं तर मला बरंच वाटलं असतं.

"तू ऑर्व्हलवर पिस्तूल रोखलंस, ग्लेंडा. तुला तो ओळखू आला नाही."

"मी? ऑर्व्हलवर?"

"हो."

ती रागावली नाही. समोरची नळी पुन्हा पहिल्यापासून पुसायला लागली, स्वच्छ झालेली होती तरी. खिडकीबाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. बराच वेळ ती त्यांच्याकडे बघत होती, आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावरून ती निघून जाताना मला दिसली. त्या दोन वर्षांत मी ते अनेकदा पाहिलं होतं.

ऑर्व्हल पायऱ्या चढून आत आला. ती दचकून उभी राहिली. तिचा हात झग्याच्या खिशात गेला, आणि उशाखालून नाहीसं झालेलं ते पिस्तूल बाहेर आलं. सकाळपासून तिच्या अंगावरच होतं. ऑर्व्हल दारातच थिजला. मी टेबलाच्या या बाजूला होते, माझा हात पोहोचत नव्हता.

पण तिने ते रोखलं नाही. नळी जमिनीकडे ठेवून तिने गोळ्या काढल्या, एकेक करून टेबलावर ठेवल्या, आणि खटका उघडून त्याच्यापुढे धरलं.

"बघ," ती म्हणाली.

ऑर्व्हल पुढे झाला आणि आत डोकावला. "रिकामी," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

"तू इथलाच दिसतोस. रीत माहीत आहे तुला. माझ्या नवऱ्याला ओळखतोस का? ऑर्व्हल नाव."

"ओळखतो."

"मग हे त्याच्या हातात दे. दुसऱ्या कुणाच्या नाही. आणि सांग त्याला, घरातल्या बाईवर आता भरवसा ठेवू नको म्हणावं. चांगली आहे ती, पण तिला माणसं कळत नाहीत. तिच्या हाताला लागेल असं काही ठेवू नको." तिने गोळ्या त्याच्याकडे सरकवल्या. "तो ऐकणार नाही. हट्टी आहे. माझ्यावर फार जीव आहे त्याचा. तू नीट समजावून सांग."

"सांगतो," ऑर्व्हल म्हणाला.

"विसरू नको."

"नाही विसरणार, बाईसाहेब."

तो पिस्तूल घेऊन बाहेर गेला. मी खिडकीतून पाहिलं. त्याने ते बाकीच्यांबरोबर ठेवलं, गाडीचं दार लावलं, आणि दोन्ही हात टपावर टेकवून मान खाली घालून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला हमसून रडताना पाहिलं आणि नजर वळवली. मीही रडत होते. ग्लेंडा टेबलावरच्या चिंध्या गोळा करत होती.

"व्हर्ला," ती म्हणाली. मला तिने ओळखलं होतं, कसं कुणास ठाऊक. "त्या माणसाला जेवायला थांबव. एवढं ओझं वाहिलं बिचाऱ्याने. चांगला वाटतो."

मी दारातून हाक मारली, "बाई जेवायला बोलावतायत!" ऑर्व्हलने अंगणातल्या हातपंपावर तोंड धुतलं, टोपी काढून केस सारखे केले. मग स्वतः बांधलेल्या घराच्या उघड्या दारावर त्याने टकटक केली, आणि ग्लेंडा "ये आत" म्हणेपर्यंत तो बाहेरच थांबून राहिला.