थंड इंजिनातला ठोका

तक्रार: थंड असताना ठोकते, तापली की गप्प.

गाडी वकीलसाहेबांच्या आजोबांची. लांब नाकाची, चार सिलिंडरची, वय विचारू नये अशी. सात महिने तिचं इंजिन मिस्त्रींच्या गॅरेजात सुटं पडलं होतं आणि ते नव्यानं बांधलं थोरलीनं. थोरली म्हणजे मिस्त्रींची मुलगी, चव्वेचाळीस वर्षांची, त्यातली बावीस याच फरशीवर गेलेली. पिस्टन तेवढे मिस्त्रींनी आपल्या हातानं बसवले. त्या गॅरेजात पिस्टन दुसरं कुणी बसवत नसे. थोरलीनं प्रत्येकाच्या डोक्यावर नंबर ठोकला, चारही ओळीनं मांडून दिले, आणि हात मागं घेतला.

ठरलं होतं ते असं: गाडी बिनबोभाट चालली तर गॅरेज थोरलीचं. नाहीतर पुतण्याचं. पुतण्याला सगळे बारक्या म्हणत आणि तो दारातून आडवा होऊन आत येई. मिस्त्रींनी हे चार लोकांत सांगितलं होतं, आणि चार लोकांत सांगितलेलं ते कधी गिळत नसत.

सकाळी वकीलसाहेबांनी किल्ली फिरवली. टक टक टक टक. दहा मिनिटांनी आवाज विरला.

"अगदी हिच्यासारखी," मिस्त्री थोरलीकडे बोट करून म्हणाले. "सकाळी तोंड सुरू, जरा राबवलं की गप्प."

बारक्या हसला. वकीलसाहेबही हसले, मिस्त्रींच्या विनोदाला न हसणाऱ्याची गाडी रांगेत मागं जाते हे त्यांना ठाऊक होतं. थोरलीनं फक्त बॉनेटची दुसरी बाजू वर केली.

कान: इंजिन निवू दिलं. परत सुरू केलं. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला. ठोका वर आहे, खाली नाही. तेलाचा दाब बरोबर. ठिणगीचं टायमिंग थोडं मागं घेतलं. ढिम्म फरक नाही. मग एकेका प्लगची वायर काढून बघितली. दुसरी, तिसरी, चौथी: काही नाही. पहिली काढली आणि ठोका एकदम मवाळ झाला.

"सापडलं का काही, की नुसतं कान टोचून घेतेस?" मिस्त्रींनी विचारलं.

तिनं पहिला प्लग काढून भोकातून चमचाभर जाड तेल सोडलं, प्लग लावला, सुरू केलं. ठोका गायब. मिनिटभरानं तेल जळालं आणि तो परत आला. म्हणजे पहिल्या सिलिंडरात पिस्टन ढिला होता. तेलानं फट भरली की गप्प, तापून फुगला की गप्प.

पण ढिला कसा? पिस्टन आणि सिलिंडर यांच्या जोड्या तिनंच लावल्या होत्या. पुढचा सिलिंडर केसभर मोठा, त्याला मोठा पिस्टन, नंबर एक. मागचा सगळ्यांत लहान, त्याला लहान पिस्टन, नंबर चार.

"माप घेताना डोळे मिटले होतेस?"

"हेड उघडते, बाबा."

"उघड, उघड. वकीलसाहेब, तीनला या. बारक्या, तूही ये. चूक कुणाची ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघा. मला मागाहून कुजबुज नको." एवढं बोलून ते जेवायला घरात गेले.

उघडल्यावर: चिंधीनं काजळी पुसली. रेडिएटरकडून मागं वाचत गेली. चार, तीन, दोन, एक. शेवटच्या सिलिंडराच्या भिंतीवर ताजे उभे ओरखडे. मोठा पिस्टन तिथं कोंबला होता.

इथं जरा थांबून मागचं सांगायला हवं. मिस्त्री गाड्यांवर आले त्याआधी चार वर्षं बोटींच्या इंजिनांवर होते, कोवळ्या वयात. तिथं त्यांना मागून मोजायला शिकवलं होतं: फ्लायव्हीलजवळचा एक नंबर. गाड्यांत उलटं. ती सवय त्यांनी आठवड्यात मोडली आणि पुढं पन्नास वर्षं पुढून मोजलं, थोरलीलाही तसंच शिकवलं, चुकली तर बोटांवर पाना मारून. पिस्टन बसवताना त्यांचा हात चुकला नव्हता. हात फार सफाईनं चालला होता. फक्त तो हात सतरा वर्षांच्या पोराचा होता.

थोरली स्टुलावर बसली. तिला सगळं कळलं.

जे तिनं केलं नाही: तीन वाजायला पाऊण तास होता. उघड्या सिलिंडरांवर कापड टाकता आलं असतं. वकीलसाहेबांना फोन करून उद्या या म्हणता आलं असतं. खालचं तेलाचं चेंबर खोलून पिस्टन बदलायला दोन दिवस, आणि म्हाताऱ्याला कधी कळलंही नसतं. किंवा नंबर ठोकताना माझंच चुकलं म्हणायचं. मग गॅरेज बारक्याचं. कापड तिनं हातात घेतलंही. त्यानं नखं पुसली, एक एक.

तीन:

"दाखवा बाईंचा पराक्रम," मिस्त्री म्हणाले.

"बाबा, एक नंबरचा सिलिंडर कुठला?"

"काय?"

"बोट ठेवा."

"बघा वकीलसाहेब! हिला आता एकपासून शिकवायचं." आणि हसत हसत त्यांनी बोट ठेवलं. सगळ्यात मागं.

बारक्या पुढं वाकला. "काका, तो चौथा."

"आंधळा आहेस का? पिस्टनवर लिहिलंय की एक!"

"मी लिहिलंय," थोरली म्हणाली. "बसवलाय तुम्ही."

वकीलसाहेब बुटांकडे बघायला लागले. बारक्या हळूच म्हणाला, "ताई, कळलं. गॅरेज तुझं. मी काही बोलत नाही. आता जाऊ दे."

"जाऊ कसं दे? सगळ्यांनी डोळ्यांनी बघायचं ठरलंय. साहेब, वर बघा. बाबा, रेडिएटर कुठंय?"

मिस्त्रींनी बरोबर दाखवला.

"मग मोजणी कुठून?"

बोट पुढं आलं. तिसऱ्यावर घुटमळलं, परत फिरलं, हवेतच राहिलं. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, ओठांवर उत्तर दिसतंय का ते शोधत. आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अक्का, तू सांग ना."

अक्का त्यांची थोरली बहीण. जाऊन तीस वर्षं झाली होती.

"अहो, पुरे करा," वकीलसाहेब थोरलीला म्हणाले.

थोरलीनं बापाचं मनगट धरलं आणि बोट परत इंजिनाच्या मधोमध आणून ठेवलं.

"अक्का नाही इथं," ती म्हणाली. "पुन्हा. एकपासून."