पेजेवरची प्रार्थना

शांतवन मास्तरांची प्रार्थना सुरू झाली की चहा टाकून यावं, तो उकळेपर्यंत आमेन होत नाही, असं रोह्याच्या ख्रिस्ती मंडळीतली माणसं हसत म्हणायची. आता हसायला माणसंच फारशी उरली नव्हती. उपासना चालवणारा पाळक ठेवावा की बदलावा यावरून मंडळीत भांडण पेटलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि अर्धी घरं पेणला भाड्याच्या हॉलमध्ये उपासनेला जाऊ लागली. मागे राहिली अकरा घरं, त्यातलेही बरेच जण गुडघ्यांनी बेजार.

त्या भांडणात चर्चची किल्ली मास्तरांकडे होती. पेणच्या गटातला, खांब गावचा शमुवेल वारला. त्याची बायको करुणा मयत घेऊन फाटकाशी आली, तेव्हा मास्तर आतून म्हणाले, "कोर्टाचा निकाल लागेपर्यंत उघडणार नाही." कोर्टानं असलं काही सांगितलेलं नव्हतं. मास्तर हट्टाला पेटले होते, एवढंच. पेणवाल्यांकडे तेव्हा पाळक नव्हता. शमुवेल तासभर उन्हात रस्त्यावर राहिला आणि अंत्यविधीची उपासना न होताच खांबला पुरला गेला.

त्याला सहा वर्षं झाली. मनात भांडण ठेवून प्रभुभोजन घेऊ नये, हे मास्तरांनी रविवारच्या शाळेत दोन पिढ्यांना शिकवलं होतं. मंडळीचे पंच म्हणून प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी ते सगळ्यांपुढे फिरवत, स्वतः मात्र तुकडा उचलत नसत. करुणाची माफी मागायची म्हणून दोनदा खांबला जायला एसटीत बसले आणि दोन्ही वेळा वाटेत कोलाडला उतरून परत फिरले. घाबरट माणूस, दुसरं काय!

यंदा मृणाली नावाच्या तरुण पाळकबाई आल्या. महिनाभर त्यांनी रिकामी बाकं बघितली आणि एका रविवारी सरळ सांगितलं, "समोर सरकारी दवाखाना आहे. पेशंटची माणसं लांबून येतात, रात्रभर जागतात. सकाळी त्यांना गरम पेज देऊ या."

"लोक म्हणतील, बाटवायला निघाले," एका पंचाने कुरकुर केली.

"म्हणू देत. आपण पेज वाढायची आणि गप्प बसायचं."

गप्प बसणं मास्तरांना कुठलं जमायला! पहिल्या सकाळी चर्चच्या अंगणात चाळीसेक माणसं रांगेत उभी राहिली. मिठागरावरचा जगन होता, डोलवीला कंपनीत रात्रपाळी करून आलेले दोघे होते. पाळकबाईंनी टोपात डाव घातला, तेवढ्यात मास्तर पुढे झाले. "अन्नावर प्रार्थना तरी होऊ दे."

अकरा घरांनी सवयीने डोळे मिटले. मास्तरांनी तांदळासाठी आभार मानले, मग शेतकऱ्यांसाठी, डॉक्टरांसाठी, नर्सबाईंसाठी, औषधाच्या दुकानवाल्यासाठीही. मध्येच चपलांचे आवाज ऐकू आले. लोक भारावून जवळ सरकताहेत असं त्यांना वाटलं आणि त्यांनी आजाऱ्यांच्या एकेका अवयवासाठी प्रार्थना करायला सुरुवात केली.

"आमेन," शेवटी समोरून एका बाईचा आवाज आला.

मास्तरांनी डोळे उघडले. पेजेवर साय धरली होती. वॉर्डात डॉक्टरांची फेरी सुरू व्हायची वेळ झाली होती, त्यामुळे रांग कधीच पांगली होती. डोक्यावर पदर घेऊन आमेनपर्यंत थांबलेली ती एकटीच होती. तिने मान वर केली. ती करुणा होती.

"सून बाळंत झाली, समोर दवाखान्यात हाय," ती म्हणाली. "मास्तर, माझ्या माणसासाठी दोन शब्द नव्हते तुमच्याकडं. आणि पेजेवर एवढे?"

अकरा घरं ऐकत होती. मास्तरांनी आयुष्यभर सगळ्यांच्या वतीने देवाची क्षमा मागितली होती. माणसाची मागायची ही पहिलीच वेळ.

"चुकलं माझं, वहिनी. कोर्टाचं मी खोटं सांगितलं. दार मला उघडता येत होतं."

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मास्तरांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. करुणाने पुढे होऊन टोपाची एक कडी धरली.

"माणसं उपाशीच वॉर्डात गेलीत. दुसरी बाजू धरा."

दोघं टोप घेऊन रस्ता ओलांडू लागली, मागून पाळकबाई वाट्या घेऊन आणि त्यांच्यामागे गुडघे धरत सगळी मंडळी. वॉर्डाच्या दाराशी पाळकबाईंनी नर्सला विचारलं, नर्सने मान डोलावली आणि पहिली वाटी जगनला मिळाली. मास्तर मुकाट्याने वाढत होते. घास घेणाऱ्या माणसांकडे बघताना त्यांना लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

टोप रिकामा झाला, तेव्हा धीर करून त्यांनी विचारलं, "वहिनी, रविवारी उपासनेला याल?"

"मी नाय यायची," करुणा म्हणाली. "तुम्ही या खांबला, त्यांच्या थडग्यापाशी. सगळी मंडळी घेऊन या, त्यांची राहिलेली उपासना तिथं करा. पेणवाल्यांनापण तुम्हीच जाऊन सांगा."

मास्तर घरी गेलेच नाहीत. तिथून तसेच स्टँडवर गेले आणि पेणच्या गाडीत बसले.